एका आकड्याचा प्रमाद व त्याची दुरुस्ती

पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यांस लेखनिकाचा प्रमाद ही नित्याची बाब आहे. अक्षर चुकलें तर जुना लेखक त्यावर हरताळ लावी आणि शुद्ध अक्षर लिही. खालचें मूळ अक्षर मात्र पुष्कळदां दिसत राही. यंत्रानें केलेल्या नोंदींतही असे प्रमाद होतात. त्यांपैकीं एकाची हकीकत, क्रीडेच्या प्रांतांतील असली तरी, संशोधकांस उपयुक्त वाटल्यावरून येथें देत आहों.

इस्लापुराजवळ पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे. आम्ही या नदीकांठचे. आमच्या लेखीं पोहणें म्हणजे पैलतीर गांठणें. संगीताच्या तालावर पाण्यांत आकृति रचावयाच्या व परीक्षकांनीं त्यांस गुण द्यावयाचे, हा प्रकार निराळा. ऑलिंपिक सामन्यांत त्याचा समावेश १९८४ सालीं लॉस एंजलिस येथें झाला. २०१७ पासून त्यास कलात्मक जलतरण हें नांव आहे. धांवण्याच्या शर्यतींत घड्याळ साक्ष देतें. येथें परीक्षकाचा आकडा हीच साक्ष.

सिल्वी फ्रेशेत हिचा जन्म १९६७ सालीं कॅनडांतील माँट्रियल येथें झाला. १९९० सालीं ऑकलंडच्या राष्ट्रकुल सामन्यांत व १९९१ सालीं पर्थच्या जागतिक स्पर्धेंत एकेरी प्रकाराचें सुवर्णपदक तिनें मिळविलें. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपूर्वीं थोडेच दिवस तिच्या वाग्दत्त पतीचें निधन झालें; तरीही ती स्पर्धेस उतरली.

तेथें नियत आकृतींच्या भागांत ब्राझीलच्या परीक्षक बाईंच्या हातून यंत्रावर ९.७ ऐवजीं ८.७ हा आकडा उमटला. चूक ध्यानांत येतांच त्यांनीं ती सुधारण्याचा यत्न केला. परंतु तो वेळेवर सफळ झाला नाहीं, आणि जाहीर झालेला आकडा बदलतां येत नाहीं असा मुख्य पंचांनीं निर्णय दिला. अखेर अमेरिकेच्या क्रिस्टन बॅब-स्प्रेग हिचे १९१.८४८ व फ्रेशेत हिचे १९१.७१७ गुण झाले. अंतर अवघें ०.१३१! फ्रेशेत हिच्या वांट्यास रौप्यपदक आलें.

१९९३ सालीं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें तिला सुवर्णपदक दिलें. बॅब-स्प्रेगचें सुवर्णपदक मात्र काढून घेतलें नाहीं; तिचा त्यांत कांहींच दोष नव्हता. त्यामुळें यादींत दोन सुवर्णपदकें दिसतात, रौप्याची जागा रिकामी राहते, आणि कांस्यपदक जपानच्या फुमिको ओकुनो हिचें.

आमचा मुद्दा येथेंच आहे. केवळ ही यादी हातीं येणारा भावी संशोधक काय अनुमान काढील? दोघींची बरोबरी झाली असें. तें अनुमान सर्वस्वीं चुकीचें होईल. बरोबरी कधींच झाली नव्हती. एक प्रमाद झाला व वर्षभरानें त्याची दुरुस्ती झाली. पाठचिकित्सेचा नियम असा कीं, शुद्ध पाठ स्वीकारावा, पण मूळ पाठ पुसूं नये. दुरुस्ती केव्हां व कोणीं केली हें शेजारीं नोंदवावें. समितीनें न्याय केला हें आम्हांस मान्य आहे. परंतु ८.७ हा आकडा व १९९३ हें साल यादीबरोबर राहिलें नाहीं, तर त्या न्यायाचा अर्थच लुप्त होईल.

१९९६ सालीं अटलांटा येथें एकेरी प्रकार वगळण्यांत आला होता. फ्रेशेत सांघिक प्रकारांत उतरली व कॅनडाच्या संघाबरोबर तिला रौप्यपदक मिळालें. या रौप्याविषयीं मात्र पाठभेद नाहीं.