कानाची नुकसानभरपाई

यंत्रात बोट सापडले तर रक्त दिसते, वहीत अपघाताची नोंद होते. कान मात्र वीस-वीस वर्षे जात राहतो, आणि त्याची नोंद कोणी करीत नाही. इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्याने अठराव्या शतकाच्या आरंभीच लिहून ठेवले की, व्हेनिसचे तांबट ठोकाठोकीने म्हातारपणी ठार बहिरे होतात. आपल्या पुण्यात तांबट आळी आहे. तेथून एकदा गेलेल्याला हे पटवून द्यावे लागत नाही.

पुढे इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसले, बारामतीजवळ माळेगावला सहकारी साखर कारखाना निघाला. हातोड्याच्या जागी टर्बाइन आणि ऊस तोडणाऱ्या सुऱ्या आल्या. गळिताच्या हंगामात त्या रात्रंदिवस चालतात. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात शिशाच्या विषबाधेचे नाव होते. गोंगाटाने येणारे बहिरेपण १९८४ च्या सुधारित परिशिष्टात दिसते. मधली ६१ वर्षे! तोवर घरची माणसे अशा कामगाराला हेकट म्हणत राहिली.

कारखान्यांच्या नियमांनी ८ तासांना ९० डेसिबलची मर्यादा घातली. हातभर अंतरावरच्या सोबत्याशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाजाची मोजणी मागावी. कापसाचा बोळा पुरत नाही. श्रवणयंत्र आवाज वाढवते, मेलेल्या पेशी उठवीत नाही. आधी जातात ती स, श अशी बारीक अक्षरे. तेव्हा दोन्ही कान तपासून त्यांना जुळवलेलेच यंत्र घ्यावे. आणि कामावर रुजू होतानाच कानांचा आलेख काढून ठेवावा. तो नसला की मालकाचा वकील बहिरेपण वयाच्या नावावर टाकतो.