मावळातील लेणी आणि लोहाचे क्षपण

तुंगार्ली परिसराजवळील भाजे व कार्ले येथील लेण्यांचा अभ्यास प्रामुख्याने शिल्प, धर्म आणि शिलालेख या अंगांनी झाला आहे. ती ज्या हत्यारांनी कोरली गेली, त्यांच्या रसायनाकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते. इ. स. पू. दुसऱ्या शतकापासून मावळच्या बेसाल्टमध्ये चाललेले हे काम लोखंडी छिन्नीशिवाय अशक्य होते आणि त्या छिन्नीच्या मुळाशी ऑक्सिडीभवन व क्षपण ही जोडप्रक्रिया होती.

महाराष्ट्रात या तंत्राचा ठळक पुरावा नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे मिळतो. शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांच्या १९७८–८० मधील उत्खननात तेथे इ. स. पू. सातव्या शतकाच्या सुमाराची लोह गाळण्याची भट्टी, भात्याच्या मातीच्या नळ्या आणि मळी सापडली. नायकुंडचे लोह मावळात आले असे नव्हे, तत्त्व तेच. कोळसा अपुऱ्या हवेत जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो व तो खनिजातील ऑक्सिजन काढून घेतो. लोहाचे क्षपण होते त्याच क्षणी कार्बनचे ऑक्सिडीभवन होते. हवा कमी पडली तर उष्णता पुरत नाही, अधिक झाली तर मोकळे झालेले लोह पुन्हा ऑक्साइडरूप घेते. भाता चालविणाऱ्याचे सारे कसब या दोहोंमधील अरुंद जागेत होते. लोह १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. एवढे तापमान या भट्ट्यांत गाठले जात नसे. मळी वितळून वेगळी होई आणि उरलेला सच्छिद्र गोळा घणाने ठोकून घट्ट करावा लागे. (‘क्षपण’ म्हणजे मुळात झीज. धातू हाती देणाऱ्या क्रियेला हे नाव मिळावे, ही परिभाषेची गंमतच. झिजते ते खनिजाचे वजन.) लव्हाझिएने ज्वलनातील ऑक्सिजनचे कार्य उलगडले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात.

कार्ल्याच्या शिलालेखांत धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचा उल्लेख आहे. कुडे येथील एका लेखात कऱ्हाडचा लोहव्यापारी दाता म्हणून येतो. भट्टीवरचा माणूस मात्र या नामावळीत दिसत नाही. त्याची निर्मितीही टिकाऊ नव्हती. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षे टिकल्या. लोखंड मात्र पाणी व हवा मिळताच इलेक्ट्रॉन गमावून गंजू लागते, आणि मावळच्या पावसात ही क्रिया वेगाने होते. त्यामुळे या कारागिरांचा शोध भाजे येथील भिंतींवर राहिलेल्या छिन्नीच्या खुणांची रुंदी, खोली व दिशा मोजण्यापासून सुरू करावा लागतो.