दाद कुणाकडे मागायची?



मी मराठीचा अध्यापक. कायद्याचा पदवीधर नव्हे. तरीही आज कायद्याच्या इतिहासातील एका प्रकरणाविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे, आणि त्याला निमित्त आहे आपल्या भाषेतील एक म्हण. ‘नवऱ्यानं मारलं, पावसानं झोडपलं आणि राजानं नाडलं, तर दाद कुणाकडं मागायची?’ आपल्यापैकी बहुतेकांनी ती आजीच्या तोंडून ऐकली असेल. सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या या गावाला पाऊस कसा झोडपतो हे मी सांगायला नको. पण म्हणीने काय केले आहे पाहा. नवऱ्याच्या माराला तिने पावसाच्या पंक्तीला बसवले आहे. पावसावर खटला भरता येत नाही, तसा नवऱ्यावरही भरता येत नाही, असे ती सुचवते. प्रश्न विचारून ती तक्रार करणारणीचे तोंडच बंद करते.

या प्रश्नाला गेल्या सुमारे एकशेचाळीस वर्षांत आपल्या समाजाने वेगवेगळी उत्तरे दिली. त्यांचा मागोवा घेतला म्हणजे असे दिसते की, आरंभी कायदा स्त्रीला म्हणत होता, ‘घरी परत जा’. पुढे म्हणू लागला, ‘सोसवत नसेल तर बाहेर पड’. आणि अगदी अलीकडे म्हणू लागला, ‘तू इथेच राहा, हात उगारणाऱ्याला आम्ही आवरतो.’ हे तिसरे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

पहिल्या उत्तराची साक्ष म्हणजे रखमाबाईंचा खटला. १८६४ साली मुंबईत जन्मलेल्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्या माहेरीच राहिल्या, शिकल्या, आणि संमतीविना झालेल्या या लग्नाचे बंधन मानण्यास त्यांनी नकार दिला. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. परंतु अपिलात तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आज्ञा केली की, पतीकडे नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी स्त्रियांची सेवा केली.

हा खटला मारहाणीचा नव्हता, हे खरे. पण तो ज्या नियमाचा होता, त्याच नियमाने मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीलाही परत पाठवता येत असे. त्या काळी आपल्या बेळगाव जिल्ह्यातील अपिलेही मुंबईच्याच उच्च न्यायालयात जात. म्हणजे तेथे ठरलेला नियम इथल्या मुलींनाही लागू होता. तुरुंगाची तरतूद १९२३ मध्ये रद्द झाली. दावा मात्र आजही हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आहे. लोक त्याला ‘नांदायला येण्याचा दावा’ म्हणतात.

या ‘नांदणे’ शब्दापाशी भाषेच्या अध्यापकाला थांबावेच लागते. नांदणे म्हणजे सुखाने राहणे, भरभराटीने वसणे. घरात लक्ष्मी नांदते, गावात एकोपा नांदतो. पण ‘मुलीला नांदायला पाठवली’ असे म्हणताना त्यातले सुख केव्हा गळून पडले आणि केवळ राहणे केव्हा उरले, हे आपल्या ध्यानातही येत नाही. जिथे रोज मार आहे, तिथे स्त्री राहत असेल, नांदत नसते.

आता आपल्या भागाकडे येऊ. म्हणीतला राजा नाडणारा आहे. पण आपल्या शेजारच्या राजाने म्हणीला खोटे पाडले. १९१९ साली करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. घरात स्त्रीचा छळ करणे हा शिक्षेस पात्र असा गुन्हा ठरवला. काडीमोडीविषयीचा कायदाही त्यांनी त्याच सुमारास केला. त्याआधी १९१८ मध्ये त्यांचे धाकटे पुत्र शिवाजी यांचा शिकारीत अपघाती मृत्यू झाला होता, आणि विधवा सून इंदुमतीदेवी यांना शिकवण्याचा निर्धार महाराजांनी, घरातून विरोध असतानाही, पार पाडला होता. सुनेच्या जगण्याचा प्रश्न त्यांनी दरबारात आणि स्वतःच्या वाड्यात असा दोन्हीकडे हाताळला.

या कायद्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. रायबाग तेव्हा करवीर संस्थानात होते. चिक्कोडी, निपाणी आणि बेळगाव इंग्रजी अमलाखाली. इंग्रजी मुलखात कोणालाही मारहाण करणे दंडसंहितेप्रमाणे गुन्हा होताच, परंतु घरातील छळाचा स्वतंत्र विचार तेथील कायद्यात नव्हता. म्हणजे एका गावच्या दोन बहिणी, एक रायबागेत दिलेली आणि दुसरी निपाणीत, एकाच तऱ्हेचा छळ सोसत असतील, तर एकीच्या घराला कायद्याचे दार होते आणि दुसरीच्या घराला नव्हते. सीमा म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण ती बाईच्या पाठीवरूनही जाते, हे आपण क्वचितच बोलतो.

दुसरे उत्तर स्वातंत्र्याच्या आगेमागे आले. मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी केली आणि १९४७ मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. बेळगाव त्या प्रांतात असल्यामुळे सवत आणण्याची धमकी येथे देशाच्या पुष्कळ भागांआधी बेकायदा ठरली. अनेक जातींत काडीमोड व पाट यांची रूढी पूर्वापार होती. ज्या घरांत ती नव्हती, त्या घरांतील स्त्रीला सुटकेची वाट प्रथमच दिसली. ज्या निपाणीत १९२५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेसाठी आले होते, तेथील लोकांना हे ठाऊक असेल की, १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देताना हिंदू कोड बिल रखडल्याचे दुःख त्यांच्या मनात होते. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला. रखमाबाई त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निवर्तल्या. त्यांनी घटस्फोटाचा हक्क आलेला पाहिला, आणि ज्या दाव्याने त्यांना छळले तो नव्या कायद्यातही राहिलेला पाहिला.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९५५ च्या कायद्यात क्रूरतेच्या कारणावरून केवळ न्यायालयीन विभक्तता मिळे, घटस्फोट नव्हे. क्रूरता हे घटस्फोटाचे कारण झाले ते १९७६ च्या दुरुस्तीने. १९८३ मध्ये दंडसंहितेत कलम ४९८-अ आले आणि पती व सासरच्या मंडळींनी केलेला छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये ओळखलेली गोष्ट देशाच्या कायद्याने चौसष्ट वर्षांनी ओळखली.

परंतु तुरुंग आणि घटस्फोट या दोन टोकांमध्ये बहुसंख्य स्त्रिया उभ्या असतात. त्यांना नवरा गजाआड नको असतो आणि संसारही मोडायचा नसतो. मार थांबायला हवा असतो. तक्रार केली तर त्याच रात्री घराबाहेर काढतील, ही त्यांची भीती असते. माहेरी भाऊ-भावजयीचा संसार असतो. या स्त्रीसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा झाला. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अमलात आहे. शारीरिक मारहाणीबरोबरच लैंगिक अत्याचार, शिवीगाळ व मानसिक छळ, आणि पैशाची कोंडी यांनाही तो हिंसाचार मानतो.

या कायद्याप्रमाणे न्यायदंडाधिकारी संरक्षण आदेश देऊ शकतात : हिंसा करू नये, तिच्या कामाच्या ठिकाणी जाऊ नये, दूरध्वनीने वा अन्य मार्गाने तिला गाठू नये, मालमत्ता परस्पर विकू नये. निवासाच्या आदेशाने तिला घराबाहेर काढण्यास मनाई करता येते; एवढेच नव्हे, तर मारणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर राहण्यास सांगता येते. घर कोणाच्या मालकीचे हा प्रश्न येथे गौण आहे. उताऱ्यावर नाव सासऱ्याचे आहे, एवढ्याच कारणाने सुनेला राहण्याचा हक्क नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० च्या निकालात स्पष्ट केले. घटस्फोटाचा किंवा पोटगीचा दावा चालू असेल, तर त्याच न्यायालयातही ही मागणी करता येते. पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांत असावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. आदेश मोडला तरच एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कायद्यांचा गैरवापर होतो, अशी तक्रार आपण ऐकतो. कोणताही कायदा खोट्या तोंडी जाऊ शकतो. पुरावा तपासण्यासाठीच न्यायालय असते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४९८-अ खाली सरसकट अटक करू नये असे बजावले, ते योग्यच झाले. पण संरक्षण आदेश आधी कोणाला तुरुंगात घालत नाही. तो इतकेच म्हणतो की हात आवर. जो मारत नाही, त्याचे या आदेशाने काय जाते?

प्रत्यक्षात मात्र तीन दिवसांची तारीख लांबते, साठ दिवसांचे महिने होतात. आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे. बाई आपले दुःख मराठीत सांगते आणि कागद कन्नडमध्ये होतो. भाषेचा वाद न्यायालयाबाहेर ठेवावा. पण तिने सांगितलेली हकिकत तिला वाचून दाखवली जावी, समजावून सांगितली जावी, याची काळजी दोन्ही भाषा जाणणाऱ्या आपल्या तरुण माजी विद्यार्थ्यांनी घ्यावी. हे काम सभेतील भाषणाहून मोठे आहे.

शाळेच्या या व्यासपीठावरून एक गोष्ट विशेष सांगायची आहे. या कायद्याचे कलम ४ म्हणते की, हिंसाचार होत असल्याचे ज्याला वाजवी कारणाने वाटते, अशी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि प्रामाणिक हेतूने कळवणाऱ्यावर कोणतीही दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. घरातली आई मार खाते, हे पुष्कळदा शिक्षकांना आधी कळते. मूल गृहपाठ करून येत नाही, डबा आणत नाही, वर्गात दचकते. ‘दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडायचे?’ असे म्हणून आपण वही बाजूला ठेवतो. ते दुसऱ्याचे घर आता कायद्यानेही पूर्णपणे बंद राहिलेले नाही.

म्हणीचा प्रश्न होता, दाद कुणाकडे मागायची? न्यायदंडाधिकाऱ्याकडे, संरक्षण अधिकाऱ्याकडे, हे उत्तर कायद्याने दिले आहे. पण तिथपर्यंतची वाट शेजाऱ्याच्या ओट्यावरून आणि शाळेच्या आवारातून जाते. त्या वाटेवर तिला कोणी ‘जा, नांद’ एवढेच म्हणून परत फिरवू नये, ही आपणा सर्वांना माझी हात जोडून विनंती आहे.