ओपन सोर्स सॉफ्टवेअर जुन्या कॉम्प्युटरवर का चालत नाही? हे ठरवतं कोण?

जयसिंगपूर म्हटलं की आधी ऊस परिषद आठवते. पण गावात इंजिनिअरिंग कॉलेजही आहे, आणि इंजिनिअरिंगची पोरं म्हटली की थोरल्या भावाचा नाहीतर सेकंड हँड घेतलेला, विंडोज ७ वरचा लॅपटॉप कुणाकडे ना कुणाकडे असतोच. अशा लॅपटॉपवर पायथनची नवी आवृत्ती टाकायला गेलं, तर इन्स्टॉलर सुरुवातीलाच नकार देतो. पैसे लागत नाहीत, कोड सगळ्यांसाठी खुला आहे, मग अडतं कुठं?

अडतं ते 'सपोर्ट' या शब्दापाशी. फाइल उघडणं असो की इंटरनेटला जोडणं, प्रोग्रॅम प्रत्येक कामासाठी ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागणी करतो, आणि प्रत्येक सिस्टिमची पद्धत वेगळी असते. त्यामुळे एक प्लॅटफॉर्म वाढवला की चाचणीसाठी वेगळं मशीन, वेगळा इन्स्टॉलर आणि तक्रारींना उत्तर देणारा माणूस, एवढं सगळं लागतं. तेही एकदा नाही, दर आवृत्तीला. माणूस तर बहुतेक वेळा नोकरी सांभाळून फुकट काम करणारा.

पायथनने याचे नियम 'पेप ११' या दस्तऐवजात लिहूनच ठेवले आहेत. प्लॅटफॉर्मच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरच्या प्लॅटफॉर्मवर काही बिघडलं तर नवी आवृत्ती अडवली जाते. दुसऱ्या पायरीसाठी किमान दोन मुख्य डेव्हलपरनी जबाबदारी घ्यावी लागते, तिसरीसाठी एकाने. म्हणजे वापरणारे किती, यापेक्षा सांभाळणारे किती, हा प्रश्न मोठा. विंडोजबाबत तर हिशोब सरळ आहे: पायथनची आवृत्ती निघते तेव्हा मायक्रोसॉफ्ट जिला सपोर्ट देत असेल, तीच विंडोज चालेल. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या पायथन ३.९ मधून ती बाहेर पडली.

फायरफॉक्सने मात्र वेगळा रस्ता धरला. विंडोज ७ आणि ८ साठी जुलै २०२३ मधली ११५ ही आवृत्ती शेवटची ठरली, पण तिला सुरक्षेचे अपडेट देण्याची मुदत पुढे पुन्हा पुन्हा वाढवली गेली. ब्राउझर जुना राहिला तर वापरणाऱ्याला थेट धोका असतो, त्यामुळे ही ढिलाई समजण्यासारखी आहे.

कित्येकदा निर्णय प्रकल्पाच्या हातात नसतोच. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने सर्किट डिझाइनसाठी 'ईसिम' हे सॉफ्टवेअर बनवलं. ते किकॅड आणि एनजीस्पाइस यांसारख्या दुसऱ्या ओपन सोर्स साधनांवर उभं आहे. खालच्या साधनाने एखादी सिस्टिम सोडली, की वरच्यालाही आज ना उद्या सोडावी लागते, किंवा जुनीच आवृत्ती धरून बसावं लागतं.

यावरून २०२१ च्या फेब्रुवारीत मोठा वाद झाला होता. पायथनच्या 'क्रिप्टोग्राफी' या लायब्ररीचा काही भाग रस्ट भाषेत लिहिला गेला. जिथे रस्ट चालत नव्हती अशा जुन्या प्रोसेसरवरचे लोक भडकले. डेव्हलपरांचं म्हणणं असं, की ते प्रोसेसर आम्ही कधी सपोर्ट केलेच नव्हते. लोकांचं म्हणणं, आजवर चालत तर होतं! दोन्ही खरं होतं. चालणं आणि सपोर्ट असणं यातला फरक लिहून ठेवला नाही की भांडण ठरलेलं.

भावनेला मात्र इथे फारशी जागा नसते. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्स सुरू केलं, त्याच ३८६ चा सपोर्ट लिनक्सने २०१२ च्या डिसेंबरमध्ये काढून टाकला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये जुन्या ३२-बिट पीसींसाठी इन्स्टॉलरच नाही.

तरी कोड खुला असल्याचा एक फायदा उरतोच. मूळ प्रकल्पाने सोडलेली सिस्टिम दुसरा कुणीही सांभाळू शकतो, परवानगी न विचारता. विंडोज ७ वर चालणाऱ्या नव्या पायथनच्या अनधिकृत आवृत्त्या अशाच तयार झाल्या आहेत. फक्त अशी फाइल घेताना ती कुणी बनवली आणि पुढचे सुरक्षा अपडेट कोण देणार, हे बघावं लागतं. नाहीतर जुन्या लॅपटॉपला झेपणारं हलकं ६४-बिट लिनक्स टाकायचं, आणि त्यावर पायथन वापरायचं.