रेषा चुकली, बोलायचे कोणी?

परवा घुग्घुसला कोळसा खाणीच्या वस्तीतली मुले चुन्याच्या रेषा आखून कबड्डी खेळत होती. चढाईला गेलेला एक पोरगा कुणालाही न शिवता, निदान रेषाही न ओलांडता, दम घुमवीत परत आला. समोरच्या गड्यांच्या ते ध्यानातही आले नाही. पंच म्हणून उभ्या राहिलेल्या गुरुजींनी मात्र शिट्टी फुंकून त्याला बाद दिले. पोरगा हटून बसला, "गुरुजी, त्यांनी कुठं मागितलं?"

श्रोतेहो, कबड्डीच्या नियमाप्रमाणे गुरुजींचे बरोबर होते. पण पोराचा सवालही वेडगळ नव्हे. बेसबॉल नावाच्या अमेरिकन खेळात तो नक्की जिंकला असता!

त्या खेळात चेंडू टोलवून धावणाऱ्याने चारी बेस, म्हणजे ठाणी, क्रमाने शिवायची असतात. एखादे चुकले तर पंच ते पाहतो आणि गप्प राहतो. विरुद्ध संघाने चेंडू खेळात असताना त्या ठाण्याला किंवा धावणाऱ्याला लावून तक्रार करायची. पुढचा चेंडू फेकला गेला की हक्क संपला. हा झाला व्यावसायिकांचा नियम. अमेरिकेतल्या हायस्कुलांचा वेगळा. तिथे खेळ थांबलेला असताना मुलाने किंवा त्याच्या प्रशिक्षकाने नुसते तोंडी सांगितले तरी भागते. आणि पूर्वी तर तिथला पंच, आपल्या गुरुजींसारखा, कुणी न मागताच बाद देत असे.

याच्याशी सख्खे नाते असलेला एक प्रसंग 23 सप्टेंबर 1908 रोजी न्यूयॉर्कमध्ये घडला. न्यूयॉर्क आणि शिकागो यांची बरोबरी होती, शेवटचा डाव. फटका बसला, तिसऱ्या ठाण्यावरचा गडी घरी पोचला, प्रेक्षक मैदानात धावले. पहिल्या ठाण्यावरचा एकोणीस वर्षांचा फ्रेड मर्कल दुसरे ठाणे न शिवताच वळला. सामना जिंकल्यावर असे वळण्याची तेव्हाची रीतच होती. पण रीत म्हणजे नियम नव्हे. शिकागोच्या जॉनी एव्हर्सने चेंडू मिळवून दुसरे ठाणे शिवले आणि पंच हँक ओडे यांच्याकडे दाद मागितली. त्याने हीच हरकत त्याच महिन्याच्या 4 तारखेला पिट्सबर्गला याच पंचांपुढे घेतली होती. तेव्हा ती चालली नव्हती. या खेपेस मर्कल बाद, धाव रद्द. गर्दी आणि अंधार यांमुळे सामना बरोबरीत सोडला. 8 ऑक्टोबरला तो पुन्हा झाला, तो शिकागोने 4-2 असा जिंकला आणि स्पर्धेतला पहिला क्रमांकही घेतला. मर्कल 1926 पर्यंत खेळला, पण 'मठ्ठ' ही पदवी त्याला जन्मभर चिकटली. मला विचाराल तर ती अन्यायाची. इतर खेळाडू तरी वेगळे काय करीत होते?

क्रिकेटमध्ये तर दोन्ही पद्धती एकाच मैदानावर नांदतात. धाव अपुरी पडली तर पंच आपण होऊन सांगतो. बाद मात्र मागितल्याशिवाय मिळत नाही.

आपल्याकडेही हुतूतूचे कायदे एक नव्हते. संजीवनीत बाद गडी पुन्हा जिवंत होई, गामिनीत सगळा संघ बाद होईतो बाहेर बसे, अमरमध्ये मैदानातच राही आणि गुण तेवढे मोजत. 1923 साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापले, 1950 मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ निघाला. तोवर गावोगावचा वाद पंचाच्या गळ्यात.

घुग्घुसच्या गुरुजींनी पोराला मर्कलची गोष्ट सांगितली नाही. नियम तेवढा सांगितला. पुढच्या चढाईत गडी निदान रेषेच्या पार हातभर आत गेला, मागे वळून गुरुजींकडे पाहिले आणि तिथेच पकडला गेला.