दारिद्र्य कायदा, इंग्लंडचा

निर्धन, वृद्ध, अपंग, अनाथ व बेकार व्यक्तींना सार्वजनिक निधीतून साहाय्य देण्यासंबंधी इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकापासून १९४८ पर्यंत झालेल्या कायद्यांना सामान्यतः दारिद्र्य कायदा (पुअर लॉ) असे म्हणतात. निर्धनाच्या पोषणाचा भार त्याने स्वतःच्या श्रमाने वाहावा, त्याच्या कुटुंबीयांनी उचलावा की समाजाने पतकरावा, हा या कायद्याच्या मुळाशी असलेला प्रश्न होय. यांपैकी कोणताही एक मार्ग सर्वस्वी वगळणे कायदेकर्त्यांना कधीच शक्य झाले नाही. त्यांचे परस्परांतील प्रमाण काय असावे, याविषयी मात्र प्रत्येक पिढीत तीव्र राजकीय मतभेद झाले.

पूर्वपीठिका : १३४८-४९ च्या प्लेगच्या महासाथीनंतर मजुरांची टंचाई निर्माण झाली, तेव्हा धडधाकट भिकाऱ्यास भिक्षा घालण्यास १३४९ च्या राजाज्ञेने मनाई करण्यात आली. काम करण्यास असमर्थ असलेला निर्धन आणि समर्थ असूनही काम न करणारा निर्धन हा भेद तेव्हापासून कायद्यात रूढ झाला. आठव्या हेन्रीने १५३६–३९ या काळात मठ बरखास्त केल्यामुळे दानधर्माचा एक जुना आधार नाहीसा झाला. लोकसंख्येची वाढ, महागाई व शेतजमिनींना कुंपणे घालण्याची प्रथा यांमुळे भटक्या निर्धनांची संख्याही वाढत गेली. १५४७ च्या कायद्याने अशा भटक्यांना डाग देऊन दोन वर्षे गुलामगिरीत ठेवण्याची तरतूद केली. परंतु ती अव्यवहार्य ठरून लवकरच रद्द झाली. शिक्षेने प्रश्न सुटत नाही हे दिसून आल्यावर १५७२ मध्ये निर्धनांसाठी सक्तीचा कर बसविण्यात आला व १५७६ मध्ये समर्थांना काम पुरविण्याची योजना करण्यात आली.

एलिझाबेथकालीन कायदा (१६०१) : या सर्व तरतुदींचे एकत्रीकरण १५९८ व १६०१ च्या कायद्यांनी केले. प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या आधारे आखलेल्या स्थानिक विभागात, निर्धनांवर देखरेख करणारे अधिकारी नेमण्यात आले व त्यांना मालमत्ताधारकांकडून कर वसूल करण्याचा अधिकार मिळाला. वृद्ध, अंध व पंगू यांना साहाय्य द्यावे. समर्थांना ताग, लोकर, सूत, लोखंड इ. कच्चा माल देऊन कामास लावावे; निर्धनांच्या मुलांना उमेदवार म्हणून धंदा शिकण्यास ठेवावे, अशी त्रिविध व्यवस्था त्यात होती. त्याबरोबरच ऐपत असलेल्या आईवडिलांनी, आजीआजोबांनी व मुलांनी आपल्या निर्धन आप्तांचे पोषण केले पाहिजे, असे बंधन कायद्याने घातले. भावंडे, काका, मामा वा सासरची माणसे मात्र या बंधनातून मुक्त होती. म्हणजे सार्वजनिक साहाय्याचा पहिला राष्ट्रव्यापी कायदा आणि कौटुंबिक पोषणाची कायदेशीर सक्ती यांचा उगम एकाच अधिनियमात आढळतो. १६६२ च्या वसती कायद्याने परगावाहून आलेला मनुष्य पॅरिशवर भार होईल अशी शंका आल्यास त्याला चाळीस दिवसांच्या आत मूळ गावी परत पाठविण्याचा अधिकार मिळाला. १६९७ मध्ये साहाय्य घेणाऱ्याने वस्त्रावर विशिष्ट अक्षराचे चिन्ह धारण करावे, असा नियम झाला. १७२३ च्या कायद्याने ‘वर्कहाउस’ म्हणजे श्रमगृह उभारून, त्यात राहण्यास नकार देणाऱ्याचे साहाय्य बंद करण्याची मुभा पॅरिशना दिली. तर १७८२ च्या गिल्बर्ट कायद्याने समर्थ व्यक्तींना श्रमगृहाबाहेरच काम अथवा मदत देण्याचे धोरण पुरस्कारिले.

स्पीनहॅमलंड पद्धती व तीवरील वाद : फ्रान्सशी सुरू असलेले युद्ध व नापिकी यांमुळे १७९५ मध्ये धान्याचे भाव भडकले. बर्कशर परगण्याच्या न्यायाधिकाऱ्यांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात स्पीनहॅमलंड येथे भरलेल्या बैठकीत मजुरीला पूरक भत्त्याचे कोष्टक ठरविले. सु. ३·९ किग्रॅ. वजनाच्या पावाची किंमत एक शिलिंग असताना मजुराला आठवड्यास ३ शिलिंग व त्याची पत्नी आणि कुटुंबातील इतर प्रत्येक व्यक्तीसाठी दीड शिलिंग एवढे उत्पन्न मिळावे. मजुरी त्याहून कमी पडल्यास उरलेली रक्कम करातून द्यावी, असे त्याचे स्वरूप होते. पावाची किंमत वाढताच भत्ताही वाढत असे. दक्षिणेकडील अनेक परगण्यांत अशा प्रकारची पद्धती रूढ झाली. मजुरीचा किमान दर कायद्याने ठरवावा, हा सॅम्युएल व्हिटब्रेड याने सुचविलेला पर्याय संसदेने १७९६ मध्ये फेटाळला. पंतप्रधान धाकटा पिट याने स्वतः मांडलेले विधेयकही त्याला पुढील वर्षी सोडून द्यावे लागले.

या भत्त्यामुळे मालक मजुरी वाढवीत नाहीत, मजूर आळशी होतो व मुलांच्या संख्येबरोबर भत्ता वाढत असल्याने अविचारी विवाहांना उत्तेजन मिळते, असे आक्षेप घेण्यात आले. टॉमस माल्थस (१७६६–१८३४) याने १७९८ च्या आपल्या लोकसंख्येवरील निबंधात हा विचार मांडला व १८०३ च्या आवृत्तीत साहाय्याचा हक्क क्रमाक्रमाने संपुष्टात आणण्याची शिफारस केली. ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलिबरी येथील महाविद्यालयात माल्थस १८०५ पासून प्राध्यापक होता. हिंदुस्थानात येणारे अनेक मुलकी अधिकारी त्याच्या हाताखाली शिकले, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. १८१८ च्या सुमारास साहाय्याचा खर्च वर्षास सु. ७८ लक्ष पौंडांपर्यंत गेला. आधुनिक संशोधकांच्या मते मात्र भत्ता हे कमी मजुरीचे कारण नसून बव्हंशी तिचा परिणाम होता. हंगामी शेती व घरगुती हस्तोद्योगांचा ऱ्हास यांमुळे दक्षिणेतील कुटुंबांची मिळकत आधीच घटली होती.

१८३४ चा सुधारणा कायदा : १८३० च्या शेतमजुरांच्या दंगलींनंतर नेमलेल्या राजकीय आयोगाचा अहवाल मुख्यतः नॅसॉ सीनिअर व एड्विन चॅडविक यांनी तयार केला. साहाय्य घेणाऱ्याची स्थिती सर्वांत गरीब स्वावलंबी मजुराच्या स्थितीपेक्षा कमी वांछनीय असली पाहिजे, हे अहवालाचे प्रमुख तत्त्व होय. त्यानुसार १८३४ मध्ये मध्यवर्ती आयुक्तमंडळ स्थापन करण्यात आले, सु. पंधरा हजार पॅरिशांचे सु. सहाशे संघ बनविण्यास सुरुवात झाली आणि समर्थांना केवळ श्रमगृहातच मदत देण्याचे धोरण ठरले. श्रमगृहात पती, पत्नी व मुले यांना वेगवेगळ्या विभागांत ठेवीत. अशा रीतीने कुटुंबाने आपला भार आपणच वाहावा असा आग्रह धरणारा कायदा मदतीची अट म्हणून कुटुंबच विभक्त करीत असे. साठ वर्षांवरील दांपत्यांना वेगळे न करण्याची सवलत १८४७ मध्ये देण्यात आली. अनौरस मुलाच्या पोषणाची जबाबदारी १८३४ च्या कायद्याने जवळजवळ सर्वस्वी मातेवर टाकली; तीव्र टीकेनंतर १८४४ मध्ये पित्याविरुद्ध थेट दावा करण्याचा अधिकार तिला मिळाला.

या कायद्यास झालेला विरोध पक्षनिष्ठ नव्हता. जहाल विचारांचा विल्यम कॉबेट आणि परंपरानिष्ठ टोरी रिचर्ड ओस्लर यांनी त्यावर सारखेच कठोर हल्ले केले. मदत हा निर्धनाचा जुना हक्क असून तो हिरावून घेता येणार नाही, अशी दोघांचीही भूमिका होती. उत्तरेतील कापडगिरण्यांच्या प्रदेशात विरोध विशेष प्रखर होता. तेथे मंदी आली, की हजारो कामगार एकदम बेकार होत. त्यांना सामावतील एवढी श्रमगृहे नव्हती आणि त्यांची बेकारी आळसातून उद्भवलेलीही नव्हती. म्हणून १८४२ मध्ये ठरावीक श्रमाच्या मोबदल्यात श्रमगृहाबाहेर मदत देण्यास संमती द्यावी लागली. अँडोव्हर येथील श्रमगृहात हाडे फोडण्याच्या कामावर लावलेले भुकेले निर्धन त्या हाडांतील मगज खात असल्याचे १८४५ मध्ये उघडकीस आले. त्यातून उसळलेल्या प्रक्षोभामुळे १८४७ मध्ये आयुक्तमंडळ बरखास्त होऊन संसदेस जबाबदार असलेले मंडळ आले. प्रत्यक्षात १८३४ नंतरही साहाय्य घेणाऱ्यांपैकी बहुसंख्य व्यक्तींना श्रमगृहाबाहेरच मदत मिळत होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाची आवक थांबून लँकाशरमधील गिरण्या बंद पडल्या. त्याच टंचाईमुळे मुंबईत कापसाच्या व्यापाराला अपूर्व तेजी आली होती. बेकार गिरणीकामगारांना श्रमगृहाची कसोटी लावणे अशक्य ठरल्याने १८६३ मध्ये सार्वजनिक बांधकामांसाठी खास कायदा करावा लागला.

विसाव्या शतकातील परिवर्तन : चार्ल्स बूथच्या लंडनमधील पाहणीत सु. तीस टक्के लोक दारिद्र्यात असल्याचे आढळले. वार्धक्य, आजार व अपुरी मजुरी ही दारिद्र्याची प्रमुख कारणे होत, असे त्याच्या व सीबोम राउन्ट्रीच्या पाहण्यांवरून दिसून आले. १९०५–०९ च्या आयोगात मतभेद होऊन दोन अहवाल सादर झाले. हेलन बोझँकेट यांच्या विचारांची छाप असलेल्या बहुमताच्या अहवालाने व्यक्तीचे चारित्र्य व कुटुंबाची जबाबदारी यांवर भर दिला. बिअट्रिस वेब व जॉर्ज लॅन्सबरी यांच्या अल्पमताच्या अहवालाने दारिद्र्य कायदाच मोडीत काढण्याची मागणी केली. दरम्यान १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षांवरील गरजू वृद्धांना आठवड्यास कमाल ५ शिलिंग निवृत्तिवेतन मिळू लागले. मुलांची ऐपत न पाहता राज्याकडून वृद्धाला मिळणारे हे साहाय्य म्हणजे १६०१ च्या तत्त्वाला मिळालेला पहिला मोठा छेद होय. १९११ मध्ये आरोग्य व बेकारी विमा सुरू झाला.

मिळकत-चौकशी : १९३१ च्या आर्थिक अरिष्टात बेकारभत्ता दहा टक्क्यांनी कमी करण्याच्या प्रश्नावर मजूर पक्षाचे मंत्रिमंडळ दुभंगून कोसळले. रॅम्झी मॅक्डॉनल्डच्या राष्ट्रीय सरकारने भत्ता कमी केला आणि विम्याची मुदत संपलेल्या बेकारांना संपूर्ण घराच्या मिळकतीची चौकशी करूनच मदत देण्याचा नियम केला. कमावता मुलगा वा मुलगी घरात असल्यास बापाचा भत्ता घटे किंवा बंद होई. ज्या घरात मिळकत आहे त्याचा भार इतर करदात्यांवर, जे स्वतःही अनेकदा गरीब असतात, का पडावा, हे समर्थकांचे म्हणणे सर्वस्वी निराधार नव्हते. परंतु बचत करणाऱ्याला या नियमाने शिक्षा होई, अधिकारी घरातील सामानसुमान तपासत आणि कर्ता पुरुष मुलांचा आश्रित बने. बापाला मदत मिळावी म्हणून कमावती मुले घर सोडून जात असल्याची उदाहरणे घडली. डरॅम व रॉदरम येथील समित्या नियम सौम्यपणे राबवितात म्हणून १९३२ मध्ये त्यांच्या जागी शासकीय आयुक्त नेमण्यात आले. १९३५ च्या आरंभी दक्षिण वेल्समध्ये मोठी निदर्शने होऊन नवे दर स्थगित करावे लागले. १९४१ मध्ये संपूर्ण घराची चौकशी करण्याची ही पद्धती मोडीत निघाली. बेव्हरिज अहवालानंतर (१९४२) झालेला राष्ट्रीय साहाय्य कायदा ५ जुलै १९४८ रोजी अंमलात येऊन दारिद्र्य कायदा संपुष्टात आला. पोषणाचे कायदेशीर बंधन त्यानंतर पतिपत्नी व अज्ञान मुले यांपुरतेच उरले. वृद्ध आईवडिलांना पोसणे हे मुलांचे नैतिक कर्तव्य राहिले, साहाय्याची पूर्वअट राहिली नाही.

भारताशी संबंध : ब्रिटिशांनी हिंदुस्थानात दारिद्र्य कायदा लागू केला नाही. एतद्देशीय समाज कुटुंब, जात व दानधर्म यांच्याद्वारे आपल्या निर्धनांचे पोषण करतो, असे गृहीत धरण्यात आले. दुष्काळात मात्र श्रमाची कसोटी तत्परतेने आयात झाली. १८७७ मध्ये रिचर्ड टेंपलच्या शिफारशीनुसार मुंबई इलाख्यातील दुष्काळी कामांवरील मजुरी एक पौंड धान्य व एक आणा अशी खाली आणण्यात आली, तेव्हा मजुरांनी मोठ्या संख्येने कामे सोडली व पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. १८८० च्या दुष्काळ आयोगानेही काम हीच गरजेची कसोटी मानली. याच्या उलट, १९७२-७३ च्या दुष्काळाच्या अनुभवातून दृढ झालेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने, तिच्या १९७७ च्या कायद्यान्वये, काम ही कसोटी न मानता ग्रामीण प्रौढ व्यक्तीचा हक्क मानला. तो हक्क कुटुंबप्रमुखापुरता मर्यादित नसल्याने स्त्रिया मोठ्या संख्येने या कामांवर आल्या. वृद्धांच्या बाबतीत मात्र भारतीय कायदा इंग्लंडच्या विरुद्ध दिशेने गेला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आईवडिलांना मुलांकडून पोटगी मागण्याचा अधिकार दिला व २००७ च्या ज्येष्ठ नागरिकविषयक कायद्याने तो अधिक व्यापक केला. १६०१ मध्ये इंग्लंडने घातलेले व १९४८ मध्ये सोडून दिलेले बंधन अशा प्रकारे भारतात नव्याने दृढ झाले. तथापि ज्याची मुलेच निर्धन आहेत अशा वृद्धाचा भार कोणी वाहावयाचा, हा मूळ प्रश्न अशा कायद्याने सुटत नाही.