मताचा पेला

दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी बिअरचा विषय काढणे काही वाचकांना औचित्याला सोडून वाटेल. पण लोकशाहीचा इतिहास चाळू लागले, की सभा, जाहीरनामे आणि मतपेट्या यांच्या जोडीने दारूचे पिंपही वारंवार आडवे येते. ते वळसा घालून टाळता येत नाही. मतदाराला पाजून त्याचे मत मिळवावे ही युक्ती आपल्याकडच्या कोण्या गावपुढाऱ्याने शोधून काढली असा आपला समज असतो. मीही हा शोध घेऊ लागलो तेव्हा इतक्या थोर माणसांची या पंगतीत गाठ पडेल, अशी माझी अपेक्षा नव्हती.

पहिलीच गाठ पडली ती जॉर्ज वॉशिंग्टन यांची. अमेरिका तेव्हा स्वतंत्र झालेली नव्हती. व्हर्जिनिया ही इंग्रजांची वसाहत होती आणि तिच्या विधिमंडळाला ‘हाउस ऑफ बर्जेसेस’ म्हणत. १७५५ साली फ्रेडरिक परगण्यातून वॉशिंग्टन यांचे नाव पुढे आले आणि अवघी ४० मते पदरात पडून त्यांचा पराभव झाला. तीन वर्षांनी, १७५८ च्या जुलैत, ते पुन्हा उभे राहिले. वय सव्वीस वर्षांचे. स्वतः ते फ्रेंचांविरुद्धच्या मोहिमेत सरहद्दीवर गुंतलेले. मतदान विंचेस्टर गावी. तेव्हा प्रचाराची सारी व्यवस्था मित्रांनी पाहिली. त्या व्यवस्थेचा हिशेब आजही उपलब्ध आहे. सुमारे १६० गॅलन पेये खर्ची पडली. त्यांत रम होती, रमचे पंच होते, वाइन होती आणि ४६ गॅलन बिअर होती. खर्च ३९ पौंडांच्या वर गेला. मतदार चारशेच्या आतबाहेर. गणित मांडून पाहा: माणशी दीड लिटर! वॉशिंग्टन तीनशेहून अधिक मते घेऊन पहिले आले, आणि उमेदवार जागेवर नाही म्हणून त्यांचे स्नेही कर्नल जेम्स वुड यांनाच लोकांनी खांद्यावर घेऊन गावभर मिरविले.

आता गंमत अशी, की उमेदवाराने मतदारांना पैसा, अन्न वा पेय देऊ नये असा कायदा व्हर्जिनियात १७०५ सालीच झालेला होता. पण कायद्याच्या अक्षराला बगल देण्याची विद्या सर्व देशांत सारखीच नांदते. उमेदवार ‘मते विकत घेत’ नव्हता, तो ‘आतिथ्य करीत’ होता! वुड यांना लिहिलेल्या पत्रात वॉशिंग्टन यांनी खर्चाबद्दल कुरकुर केली नाही. उलट हात फार आखडता तर घेतला नाही ना, अशीच काळजी व्यक्त केली. विरुद्ध मत देणाऱ्यांनाही सारखेच पाजले असेल, अशी आशाही त्यांनी बोलून दाखविली. या शेवटच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. सर्वांना सारखे पाजले की ती लाच उरत नाही, हा त्या काळचा शिष्टाचार होता. आणि तो पाळणारा मनुष्य पुढे आपल्या राष्ट्राच्या सचोटीचे प्रतीक ठरला.

हे घडण्याचे एक कारण मतदानाच्या रीतीत होते. त्या काळी चिठ्ठी नव्हती. मतदाराने सर्वांसमक्ष उभे राहून मोठ्याने नाव उच्चारायचे आणि समोर बसलेल्या उमेदवाराने मान लववून त्याचे आभार मानायचे. ज्याच्या पिंपातले प्यालो, त्याच्या तोंडावर दुसऱ्याचे नाव घेणे कोणाला जमेल? मिठाला जागण्याचा आपला संस्कार तिकडे पेल्याला जागण्यात प्रकट होत होता.

या रीतीविरुद्ध एकाने उभे राहून पाहिले. जेम्स मॅडिसन हे त्याचे नाव. १७७७ साली ऑरेंज परगण्यातून विधिमंडळाची निवडणूक लढविताना, प्रजासत्ताकाला हे शोभत नाही म्हणून त्यांनी दारू वाटण्याचे साफ नाकारले. त्यांचा प्रतिस्पर्धी चार्ल्स पोर्टर. त्याची स्वतःची खानावळ-दारूगुत्त्याची पेढी होती, तेव्हा त्याला असल्या तत्त्वांचा त्रास झाला नाही. मॅडिसन पडले. मतदारांना त्यांचा संयम दिसला नाही. त्यांना दिसला गर्व आणि चिक्कूपणा. निवडणुकीविरुद्ध तक्रार गुदरली, तीही फेटाळली गेली. हेच मॅडिसन पुढे अमेरिकेच्या राज्यघटनेचे एक प्रमुख शिल्पकार झाले आणि १८०९ साली राष्ट्राध्यक्षपदी बसले. पण त्या एका निवडणुकीत घटनेचा पंडित हरला आणि गुत्तेवाला जिंकला, ही नोंद इतिहासाने पुसलेली नाही.

मूळ इंग्लंडात तरी काय होते? मतदारांना खाऊपिऊ घालण्याविरुद्ध तेथे १६९६ सालीच कायदा झाला होता. तरीही १७५४ च्या ऑक्सफर्डशायरच्या निवडणुकीवरून विल्यम होगार्थ या चित्रकाराने जी चार चित्रे काढली, त्यांतले पहिले चित्र मेजवानीचेच आहे. लंडनच्या सर जॉन सोन यांच्या संग्रहालयात ती चित्रे आहेत. झिंगलेले मतदार, गळ्यात पडणारे पाहुणे आणि त्यांना सोसत ओठांवर हसू ठेवणारा तरुण उमेदवार पाहिला, म्हणजे कोण कोणाला विकत घेत आहे असा प्रश्न पडतो.

हे दुखणे हटले ते उपदेशाने नव्हे, तर दोन कायद्यांनी. १८७२ साली तेथे गुप्त मतदान आले. मत कोणाला पडले हे कळेनासे झाले, तेव्हा पाजलेल्या पेल्याची वसुली होईल याची शाश्वती उरली नाही. पुढे १८८३ च्या कायद्याने उमेदवाराच्या खर्चालाच मर्यादा घातली आणि दारूगुत्त्यात निवडणुकीची कचेरी थाटण्यासही बंदी केली. या दोहोंच्या मधल्या काळात ग्लॅडस्टन यांचे मंत्रिमंडळ कोसळले. गुत्त्यांच्या वेळांवर त्यांनी १८७२ साली बंधने घातली होती, आणि १८७४ च्या पराभवानंतर, आपण जिन आणि बिअर यांच्या लोंढ्यात वाहून गेलो, अशा आशयाचे त्यांनी आपल्या बंधूला लिहिले. येथे गोष्टीला नवे वळण लागते. आता एकट्यादुकट्या मतदाराला पाजण्यापेक्षा दारू गाळणाऱ्या आणि विकणाऱ्या धंद्यालाच राजी ठेवणे अधिक महत्त्वाचे ठरू लागले. बास, गिनेस अशा बिअरसम्राटांना उमरावपदे मिळाली. आणि ‘पिअरेज’ म्हणजे उमराववर्गाला थट्टेखोर इंग्रज ‘बिअरेज’ म्हणू लागले.

अमेरिकेत तर बिअरवरून राष्ट्रव्यापी निवडणूक रंगली. १९२० पासून तेथे संपूर्ण दारूबंदी होती. १९३२ साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पक्षाने ती उठविण्याचे आश्वासन दिले. महामंदीचे दिवस, लोकांना रोजगार हवा होता आणि सरकारला कराचे उत्पन्न. अधिकारावर येताच, २२ मार्च १९३३ रोजी, रूझवेल्ट यांनी सौम्य बिअरला परवानगी देणाऱ्या कायद्यावर सही केली आणि ७ एप्रिलपासून ती उघडपणे विकली जाऊ लागली. संपूर्ण बंदी उठायला डिसेंबर उजाडला.

पण त्यानंतर धंदा मोजक्या बड्या कारखान्यांच्या हाती एकवटत गेला. १८७३ साली तिकडे चार हजारांवर बिअरचे कारखाने होते. १९७८ च्या सुमारास शंभरही उरले नव्हते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका कायद्यावर सही केली. त्यातील एका कलमाने घरच्या उपयोगापुरती बिअर घरी, करमुक्त, तयार करण्याची मुभा मिळाली. वाइनला ती पूर्वीच होती. बिअर मात्र वगळली गेली होती. मागच्या अंगणातले हे छंदिष्ट लोक हळूहळू धंद्यात उतरले आणि गावोगावी छोट्या मद्यशाळा निघाल्या. आज त्यांची संख्या नऊ हजारांवर आहे.

आता राजकारणी माणसाच्या दृष्टीने पाहा. ओस पडलेल्या जुन्या गोदामात अशी मद्यशाळा निघते. बाटलीवर गावाचे नाव असते. चार तरुणांना काम मिळते. संध्याकाळी शिक्षक, सुतार आणि वकील एका बाकावर बसतात. मते मागायला याहून सोयीची जागा कोणती? म्हणून उमेदवार तेथे जातो, बाह्या सरसावतो आणि एक पेला हाती घेऊन छायाचित्र काढवितो. डेन्व्हरचे जॉन हिकनलूपर यांनी तर ही पायरीच गाळली. १९८८ साली त्यांनी सहकाऱ्यांसह स्वतःच मद्यशाळा काढली. २००३ साली ते महापौर झाले, नंतर कोलोरॅडोचे गव्हर्नर आणि २०२१ पासून सिनेटर. बराक ओबामा यांनी व्हाइट हाउसच्या बागेतल्या पोळ्यातला मध घालून बिअर करविली आणि २०१२ च्या निवडणुकीच्या ऐन रंगात, १ सप्टेंबर रोजी, तिची कृती जनतेसाठी प्रसिद्ध झाली. पाककृती हाही जाहीरनामाच!

या चित्रात काय बदलले? १७५८ साली उमेदवार पाजीत होता आणि मतदार पीत होता. आज मतदार पाजतो आणि उमेदवार पितो. मी तुमच्यातलाच आहे एवढे सिद्ध करण्यापुरते. हे सिद्ध करण्याला तर पिण्याचीही गरज उरलेली नाही. कोणाबरोबर बसून बिअर प्यायला आवडेल, असा प्रश्न २००४ साली अमेरिकन मतदारांना विचारला गेला, तेव्हा पसंती मिळाली धाकट्या बुश यांना. आणि त्यांनी तर १९८६ सालीच दारू सोडलेली होती! ऑस्ट्रेलियाच्या बॉब हॉक यांनी १९५४ साली ऑक्सफर्डला शिकत असताना अडीच पाइंट बिअर ११ सेकंदांत संपविण्याचा विक्रम केला. मतदारांशी आपले सूत जुळले त्यात या पराक्रमाचा वाटा मोठा असावा, असे त्यांनीच पुढे लिहिले. पंतप्रधानपद मात्र त्यांना १९८३ साली, दारू सोडल्यावर मिळाले.

तरी देणेघेणे संपले असे समजू नये. त्याचे रूप पालटले आहे. अमेरिकन प्रतिनिधिगृहात छोट्या मद्यशाळांचा कैवार घेणारा सभासदांचा गट २००७ साली स्थापन झाला. २०१७ च्या करकायद्याने छोट्या उत्पादकांच्या पहिल्या ६० हजार पिंपांवरचा कर पिंपामागे सात डॉलरांवरून साडेतीन डॉलरांवर आणला, आणि २०२० अखेर ही सवलत कायमची झाली. हीही एक मेजवानीच, असे कोणी म्हणेल. मला त्यात एक फरक मोलाचा वाटतो. कायदा उघड्यावर होतो, त्यावर वाद होतो, तो रद्दही करता येतो. आणि त्याचा लाभ घेणाऱ्याला कोणासमोर मान लववून नाव उच्चारावे लागत नाही.

आपल्याकडे मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूविक्री बंद ठेवण्याचा कायदा आहे. ज्या पुण्यात १९०८ साली टिळकांनी दारूविरुद्ध चळवळ चालविली, त्याच पुण्यात आता छोट्या मद्यशाळाही निघाल्या आहेत. तेव्हा तिकडचे हे प्रश्न आपल्याला अगदीच परके नाहीत. मात्र ४८ तासांची बंदी बाटलीवर आहे; पाहुणचाराच्या भिडेवर कोणता कायदा बंदी घालणार? ती भीड मोडण्याचे सामर्थ्य त्या गुप्त चिठ्ठीत आहे. विंचेस्टरच्या मतदाराला ती मिळाली नव्हती. आपल्याला ती पहिल्या निवडणुकीपासून मिळालेली आहे. पडद्याआड गेल्यावर कोणाचे मीठ, कोणाचा पेला, हे विचारणारे तेथे कोणी नसते. आणि ऑरेंज परगण्यातल्या त्या पडलेल्या उमेदवाराने मतदाराकडून मागितले होते, ते एवढेच.